गावाची स्थानिक रोपवाटिका: बी वेचण्यापासून झाड तगेपर्यंतचा क्रम

गोव्यात जून-जुलैमध्ये गावोगावी वृक्षारोपण होते. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी गेल्यास आधाराच्या काठ्या तेवढ्या उभ्या दिसतात. यात पावसाचा दोष थोडा, कामाच्या क्रमाचा अधिक. बहुतेक गट आधी लागवडीचा दिवस ठरवतात, मग रोपांसाठी धावाधाव करतात आणि जागेचा विचार सर्वांत शेवटी करतात. त्यामुळे मिळेल ते रोप मिळेल तिथे लागते. पुढे दिलेला क्रम नेमका उलट आहे: आधी माणसे आणि जागा, मग यादी, मग बी, मग रोप आणि सर्वांत शेवटी खड्डा. या क्रमाने गेल्यास पहिल्या पावसाळ्यात लागवड होत नाही, कारण पहिल्या वर्षी वेचलेल्या बियांची रोपे दुसऱ्या पावसाळ्यात लावण्याजोगी होतात. एवढी वाट पाहण्याची तयारी नसलेल्या गटाने वन खात्याच्या रोपवाटिकेतून रोपे आणावीत आणि थेट सातव्या टप्प्यापासून वाचावे.

## १. गट, जागा आणि परवानगी (डिसेंबर-जानेवारी)

आठ-दहा माणसांचा गट पुरेसा असतो, मात्र त्यातील निदान चौघे रोपवाटिकेपासून चालत पोहोचता येईल अशा अंतरावर राहणारे असावेत. महिला मंडळ, स्वयंसाहाय्य गट, भजनी मंडळ किंवा शाळेचे पालक, यांपैकी आधीपासून नियमित भेटणारी मंडळी असतील तर पाण्याच्या पाळ्या ठरवणे सोपे जाते. शाळेच्या आवारात रोपवाटिका करायची असल्यास मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे आधी कागदावर ठरवावे. शाळांतील रोपवाटिका बहुधा याच सुट्टीत वाळतात.

पहिल्या वर्षी तीनशे ते पाचशे रोपांपेक्षा मोठा आकडा धरू नये. एवढ्यासाठी चार मीटर बाय पाच मीटर जागा पुरते. ती विहिरीजवळ किंवा नळाजवळ असावी, सकाळचे ऊन मिळणारी असावी आणि पावसात पाणी न साचणारी असावी. माडाखाली रोपवाटिका मांडू नये. झावळी किंवा नारळ पडला की एका रात्रीत दोन ओळी भुईसपाट होतात.

परवानग्या दोन प्रकारच्या लागतात. रोपवाटिकेच्या आणि पुढील लागवडीच्या जागेसाठी मालकाची लेखी संमती घ्यावी, मग मालक खासगी असो, देवस्थान असो, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) असो वा पंचायत. बी वेचण्यासाठीची परवानगी वेगळी. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला यांसारख्या अभयारण्यांतून आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नये, खाली पडलेले बीसुद्धा नाही. देवराईत जायचे असेल तर महाजनांना किंवा गावकरांना विचारावे. गाऱ्हाणे घालूनच आत जाण्याची रीत असेल, तर ती पाळावी. काही देवरायांतून पानही बाहेर न्यायचे नसते. तिथे केवळ पाहून परतावे. तेही शिक्षणच आहे.

## २. यादी तयार करणे (जानेवारी-फेब्रुवारी)

या टप्प्यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे घाई करू नये. ‘देशी’ म्हणजे भारतातले कोणतेही झाड, असा समज सर्वत्र आहे. रक्तचंदन भारतीयच, पण ते आंध्रच्या कोरड्या डोंगरांतले. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या सत्तरी तालुक्यात ते लावून गावच्या रानात भर पडत नाही. गुलमोहर मादागास्करचा, काजू ब्राझीलचा, सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) दाटलेली अॅकेशिया ऑस्ट्रेलियाची. काजू लावू नये असे नाही, ते पोटापाण्याचे झाड आहे; मात्र ते या यादीत बसत नाही. ‘अशोक’ म्हणून मिळणारी उंच, सरळसोट रोपे बहुधा खोट्या अशोकाची असतात. लाल-केशरी फुलांचा सीता अशोक वेगळा.

यादी पुस्तकावरून न करता गावात फिरून करावी. दोन-तीन फेऱ्या पुरतात: एक डोंगरउताराची, एक ओहोळाच्या काठची आणि एक वाड्यांमधून, जुन्या घरांच्या परसांतून. प्रत्येक फेरीत एक जाणकार हवा. फोंडा, सांगे, केपे, काणकोण भागांत वेळीप, गावडा आणि धनगर समाजांतील वडीलधाऱ्या माणसांना झाडाची साल पाहून नाव सांगता येते. त्यांना फेरीच्या आदल्या दिवशी ‘या’ म्हणून कळवून भागत नाही. त्यांच्या सोयीचा दिवस विचारून घ्यावा आणि त्यांची मजुरी बुडत असेल तर ती द्यावी. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, तीही मागून पाहावी.

प्रत्येक झाडासाठी वहीत अर्धे पान राखावे आणि त्यावर स्थानिक नाव, जागा, फुलण्याचा व फळण्याचा महिना, उपयोग आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. सोबत पान, साल आणि फूल किंवा फळ, असे तीन फोटो घ्यावेत. फक्त पानाच्या फोटोवरून मोबाइल अॅपने दिलेले नाव पक्के धरू नये. खात्री हवी असल्यास फुलासकट डहाळीचा फोटो घेऊन महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जावे.

पहिल्या वर्षासाठी दहा-बारा जाती निवडाव्यात, त्याही सोप्या आणि अवघड अशा मिसळून. कोकम (भिरंड), जांभूळ, फणस, करंज, बहावा आणि बकुळ (ओंवळ) नवख्यांच्या हातूनही येतात. राज्यवृक्ष माट्टी, किंदळ, घोटिंग (बेहडा) आणि तिरफळ यांना धीर लागतो. वड आणि रुमड (उंबर) यांचे बी मोहरीहून बारीक असते आणि पक्ष्यांच्या पोटातून गेलेलेच सहज रुजते. त्यासाठी बी वेचण्याऐवजी पहिल्या पावसानंतर जुन्या घरांच्या भिंती, पागोळ्यांचे कोपरे आणि विहिरींचे काठ धुंडाळावेत. तिथे उगवलेली बोटभर रोपे ओल्या भिंतीतून मुळासकट अलगद निघतात. घरमालकही खूश होतो. मुलांसाठी याहून चांगला उपक्रम नाही, फक्त विहिरीच्या काठावर मोठ्या माणसानेच जावे.

तपासणी: यादीतील प्रत्येक जातीची निदान पाच झाडे गटाने स्वतः पाहिलेली आहेत का? नसतील तर ती जात यंदा सोडावी.

## ३. बी वेचणे (फेब्रुवारी ते जून)

एकाच झाडाखाली बसून पोते भरणे सोयीचे खरे, पण त्यातून उगवणारी सगळी रोपे एकाच आईची भावंडे असतात आणि त्या झाडातील दोष सर्वांत उतरण्याचा धोका राहतो. म्हणून एकमेकांपासून अंतरावर असलेल्या पाच ते दहा निरोगी झाडांचे बी थोडे थोडे घेऊन मिसळावे. एका झाडाखालचे पाव हिश्श्याहून अधिक बी उचलू नये. बाकीचे माकडे, खारी, वटवाघळे आणि रानाचे.

ढोबळ वेळापत्रक असे आहे. माट्टी आणि किंदळ यांची पंख असलेली फळे हिवाळ्याच्या अखेरीस ते मार्चपर्यंत वाळतात. बहाव्याच्या काळ्या शेंगा आणि करंजाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्यात मिळतात. सातवणीच्या (सप्तपर्णीच्या) लांब शेंगा झाडावर फुटण्याआधीच उतरवाव्या लागतात, नाहीतर केसाळ बी वाऱ्यावर उडून जाते. कोकम आणि फणस एप्रिल-मेमध्ये, जांभूळ मे-जूनमध्ये. तिरफळ मात्र पावसाळा सरताना पिकते, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवावी. एकाच गावात डोंगरउतारावरचे आणि खालच्या कुळागरातले (माड-पोफळीच्या बागेतले) झाड पंधरवड्याच्या फरकाने पिकू शकते, तेव्हा तारखेपेक्षा झाडावर लक्ष असावे.

चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर टांगली जाणारी फळांची चौकट) ही वर्षातली सर्वांत चांगली वनस्पती-शाळा आहे. घागऱ्या, कांगलां, कवंडळ, फागलां अशी रानातली फळे त्या एका चौकटीत टांगलेली असतात. माटोळी बांधली जात असतानाच मुलांनी प्रत्येक फळ कुठून आणले, वेल आहे की झुडूप, हे आणणाऱ्याला विचारून वहीत लिहावे. बी विसर्जनानंतर वेगळे काढावे, मात्र कच्चे तोडलेले फळ रुजत नाही. पुढच्या वर्षासाठी घरोघर एवढेच सांगावे की वेल उपटू नये, फळाचा घड कोयत्याने कापावा आणि दोन घड वेलीवर राखावेत.

इशारा: बिब्ब्याच्या फळातील रसाने कातडी भाजते आणि भेरली माडाच्या फळाच्या गराने हातांना भयंकर खाज सुटते. ही फळे मुलांच्या हाती देऊ नयेत. मोठ्यांनीही हातमोजे घालावेत. कवंडळाचे फळ विषारी आहे, तोंडात घालू नये.

## ४. बियांची तयारी

पेरणीपूर्वी बियांचे दोन ढीग करावेत आणि ते कधीही मिसळू नयेत. एका ढिगात वाळवून ठेवता येणारे बी: करंज, बहावा, माट्टी, किंदळ, घोटिंग. दुसऱ्यात वाळले की मरणारे ओले बी: जांभूळ, फणस, कोकम. डब्यात भरून जूनपर्यंत जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या रुजल्या नाहीत म्हणून लोक नशिबाला बोल लावतात. त्या डब्यातच मेलेल्या असतात.

ओल्या बियांना दोन नियम: गर पूर्ण धुवावा आणि आठवड्याच्या आत पेरावे. जांभळाचे बी जेमतेम पंधरा दिवस टिकते. त्याच्या एका बियेतून कधी दोन-तीन कोंब येतात. ते हाताएवढे वाढण्यापूर्वी सर्वांत जोमदार कोंब ठेवून बाकीचे कात्रीने कापावेत, उपटू नयेत.

कोकमाचे बी सहज मिळते आणि सहज वाया जाते. एप्रिल-मेमध्ये घरोघरी आमसुले घालण्यासाठी फळे फोडली जातात. साल तट्ट्यावर वाळत पडते आणि बी टोपलीत बाजूला साचते. ज्या दिवशी फळे फोडली त्याच दिवशी ती टोपली मागावी. कोकमाच्या तेलासाठी उन्हात घातलेले बी घेऊ नये, ते रुजत नाही. आणलेले बी राखेत किंवा बारीक मातीत चोळून पाण्याने धुवावे. बोटांना बुळबुळीत लागेनासे झाले की गर सुटला. नंतर सावलीत एक दिवस पसरून लगेच पेरावे. कोंब दिसायला तीन आठवडे किंवा अधिक लागतात, तोपर्यंत उकरून पाहू नये. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून आलेल्या रोपांतील जवळजवळ निम्मी नर निघतात. ती कोणती हे फुलेपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. रानासाठी हे ठीकच आहे. ज्यांना केवळ फळे हवी आहेत त्यांनी कलम घ्यावे. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेत याबाबत विचारता येते.

कोरड्या बियांत प्रत्येकाची रीत वेगळी. बहाव्याच्या बियांचे कवच इतके टणक असते की नुसते भिजवून उपयोग होत नाही. प्रत्येक बी पॉलिशपेपरवर एका बाजूने घासून मग रात्रभर पाण्यात ठेवावे. बिया फार असल्यास पाणी उकळवून भांडे चुलीवरून खाली उतरवावे, मग बी टाकून पाणी थंड होईपर्यंत ठेवावे. बी चुलीवर उकळू नये. करंजाला एक रात्र साध्या पाण्यात पुरते. घोटिंगाच्या फळाची वाळलेली साल ठेचून काढावी आणि आठळी एक दिवस भिजवावी. उंडीचे कवच हलक्या हाताने फोडल्यास कोंब पुष्कळ लवकर येतो. माट्टी आणि किंदळ यांची अनेक फळे आतून पोकळच असतात, म्हणून दोन दिवस भिजवून हव्या असलेल्या रोपांच्या निदान पाचपट बी वाफ्यात टाकावे. तिरफळ महिनोन्महिने वाट पाहायला लावते. त्याचा वाफा एका वर्षात मोडू नये.

बी पाण्यात टाकून तरंगणारे फेकावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो जांभूळ, कोकम, घोटिंग यांना लागू पडतो. माट्टी, सावर आणि सातवण यांचे बी चांगले असले तरी तरंगते, तिथे ही परीक्षा लावू नये. त्याऐवजी दहा बिया कापून पाहाव्यात: आत पांढरा, भरलेला गर असलेल्या किती, यावरून किती पेरायचे ते ठरवावे.

## ५. माती, पिशव्या आणि पेरणी

दोन घमेली चाळलेली माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले वाळू, हे मिश्रण बहुतेक जातींना चालते. नुसती तांबडी माती पिशवीत भरली तर मे महिन्यात ती विटेसारखी होते. समुद्राची वाळू वापरू नये. ती फुकट मिळते, पण तिच्यातील मीठ रोपे मारते. नदीची वाळू मिळत नसेल तर नारळाच्या सोडणांचा भुसा आठवडाभर पाणी बदलत भिजवून वाळूऐवजी वापरावा. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे. त्यात वाळवीही लवकर लागते.

पाच बाय आठ इंचाची पिशवी पहिल्या वर्षाला पुरते. तळाशी आणि बाजूंना मिळून आठ-दहा भोके असल्याची खात्री करावी, कारण विकतच्या पिशव्यांत ती कित्येकदा नीट पडलेली नसतात. मोठे बी थेट पिशवीत पेरावे, बारीक बी वाफ्यात टाकून दोन पाने आल्यावर हलवावे. बियेच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरणी हा सर्वसाधारण नियम. सातवणीचे बी मात्र मातीवर ठेवून चिमूटभर वाळूने झाकले की झाले.

प्रत्येक ओळीला पट्टी लावावी आणि तिच्यावर जात, वेचल्याची जागा व पेरल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहावी. मार्करची शाई गोव्याच्या पावसात टिकत नाही.

## ६. रोपवाटिकेतले वर्ष

उन्हाळ्यात सकाळी एकदा झारीने पाणी द्यावे, भर उन्हात देऊ नये. पाळी असलेल्याने पिशवीत बोट खुपसून पाहावे. दुसऱ्या पेरापर्यंत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. नव्या गटांकडून रोपे तहानेने मरतात त्याहून अधिक पाण्याने मरतात. पहिले दोन-तीन महिने पन्नास टक्क्यांची शेडनेट किंवा झावळ्यांचा मांडव असावा. जूनमध्ये तोच मांडव काढून टाकावा, कारण पावसात सावली आणि ओल एकत्र आली की बुरशी येते. पिशव्या जमिनीवर न ठेवता चिऱ्यांच्या किंवा बांबूच्या मांडणीवर ठेवल्यास पाणी निथळते.

दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदलावी. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून टाळले जाते, आणि मग मूळ पिशवी फोडून जमिनीत शिरते. लागवडीच्या दिवशी पिशवी ओढली की ते तुटते आणि रोप आठवड्यात मान टाकते.

लागवडीपूर्वी शेवटचा महिनाभर रोपांना उघड्यावर ठेवावे आणि पाणी हळूहळू दिवसाआड करावे.

तपासणी: रोप निदान दीड-दोन फूट उंच आहे का, खोड आधाराशिवाय उभे राहते का, पिशवीच्या तळातून मूळ बाहेर आलेले नाही ना? यांत न बसणारे रोप आणखी एक वर्ष ठेवावे.

## ७. जागा आणि लागवड (दुसऱ्या वर्षीचा जून-जुलै)

उघड्या सड्यावर झाडे लावू नयेत. आठ महिने ओसाड दिसणारा जांभ्याचा सडा पावसाळ्यात दीपकाडी, दवबिंदू आणि असंख्य लहान रानफुलांनी भरतो. त्या वनस्पतींना ऊन आणि उथळ माती लागते, झाडांची सावली पडली की त्या संपतात. सड्याला ‘हिरवे करणे’ म्हणजे तिथली मूळची वनस्पती घालवणे. तिथे पावसाळ्यात फेरी काढावी, कुदळ नेऊ नये. खाजन जमिनींचेही (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनींचेही) तसेच, त्यांचे पाण्याचे गणित वेगळे आहे. लागवडीला योग्य जागा म्हणजे झाडतोड झालेले डोंगरउतार, ओहोळाचे काठ, पडीक भाटे (बागायती), शाळा-देवळांची आवारे आणि देवराईच्या बाहेरची कड. देवराईच्या आत लागवड नको आणि तिथली झुडपे ‘साफ’ करणेही नको. अॅकेशियाखाली लावायचे असेल तर कोकम, जांभूळ अशी सावली सोसणारी झाडे आधी लावावीत. अॅकेशिया टप्प्याटप्प्याने काढताना १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालील परवानगी लागते का, हे वन खात्याकडून समजून घ्यावे.

खड्डे मे महिन्यातच खणावेत, लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी ४५ सेंटिमीटर. वरच्या वीतभर मातीचा ढीग वेगळा ठेवावा आणि भरताना तीच खाली घालावी. कठीण जांभ्यात खणलेला खड्डा पावसात हौदासारखा भरतो, म्हणून त्यात दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच असेल तर उताराच्या बाजूने चर काढावा किंवा खड्डा सोडून द्यावा.

लागवडीचा दिवस ५ जून ठरवू नये. पर्यावरण दिनी मान्सून गोव्यात पोहोचलेला असेलच असे नाही, आणि पोहोचला तरी माती वीतभर खालपर्यंत भिजलेली नसते. खड्ड्याजवळची माती कोपरापर्यंत हात जाईल इतकी खणून पाहावी. ती तळाशी ओली लागली की लावायला घ्यावे. हे बहुधा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात होते. जुलै उलटल्यावर लावलेल्या रोपाला मुळे पसरायला वेळ कमी मिळतो.

पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढावी. गुंडाळी झालेली मुळे तळाशी कापावीत. पिशवीत मातीची पातळी खोडावर जिथे होती तिथेच जमिनीची पातळी यावी; खोड मातीत गाडले तर कुजते. पायाने हलके दाबावे, काठी बांधावी. मागाहून रिकाम्या पिशव्या मोजाव्यात. त्या लावलेल्या रोपांहून कमी भरल्या तर कुणीतरी पिशवीसकट रोप पुरले आहे. गर्दीच्या कार्यक्रमात हे हमखास घडते.

दोन रोपांत तीन मीटर अंतर ठेवावे. कोकम एकटे लावू नये, पाच-सहा जवळ असावीत, म्हणजे त्यांत नर-मादी दोन्ही येण्याची शक्यता वाढते.

## ८. पुढची तीन वर्षे

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत रोपाच्या डोक्यावर गेलेले असते. ते खोडाभोवती हातभर अंतरापर्यंत कापून तिथेच पसरावे, मात्र खोडाला टेकवू नये, नाहीतर वाळवी चढते. रानमोडी हे तण दिसेल तिथे फुलण्याआधी उपटावी. गुरांना अडवण्यासाठी करवंदीच्या काटेरी फांद्यांचा फेर तारेपेक्षा स्वस्त पडतो आणि दोन हंगाम टिकतो.

डिसेंबरपासून पाऊस येईपर्यंत पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा एक बादली, दुसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा. रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा हे चांगले, कारण वरवर ओल राहिली की मुळेही वरच राहतात.

फेब्रुवारीत वणव्याचा धोका सुरू होतो. त्याआधी लागवडीच्या कडेने तीन मीटर रुंद पट्टा गवत-पाला काढून मोकळा करावा. ऑक्टोबरमध्ये पसरलेले वाळके गवतही आता रोपांपासून दूर न्यावे. काजूच्या बागा साफ करताना लावलेली आग अनेकदा शेजारच्या लागवडीत शिरते, तेव्हा शेजारच्या बागायतदारांना जानेवारीतच भेटून त्यांचा दिवस विचारावा आणि त्या दिवशी दोन माणसे कडेला उभी ठेवावीत.

जगलेल्या रोपांची मोजणी ऑक्टोबरमध्ये करू नये; तेव्हा सगळेच हिरवे असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, जातवार मोजावे आणि मेलेल्या रोपाचे कारण ओळखता आले तर लिहावे: गुरे, वाळवी, आग, पाणी साचणे, पाणी न मिळणे. वाळलेले दिसणारे रोप नखाने खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर ते पावसात फुटते, त्याला मेलेले धरू नये. ज्या जातीची अर्ध्याहून अधिक रोपे गेली तिला तो उतार मानवत नाही असे समजून तिथे दुसरी जात लावावी. रिकाम्या खड्ड्यांसाठी लागणारी रोपे त्याच वर्षीच्या रोपवाटिकेत आधीच वाढत असायला हवीत, म्हणून बी वेचण्याचे काम दरवर्षी चालू ठेवावे लागते.